कॅलिफोर्नियात घरबांधणीच्या कंत्राटदाराचा परवाना: चार वर्षांचा अनुभव नेमका कोणता धरतात?

कृष्णाकाठ

नमस्कार. घरबांधणीच्या व्यवसायात असलेल्या, किंवा त्या वाटेने निघालेल्या मराठी मंडळींकडून मला मार्गदर्शन हवे आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

मी सांगलीहून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि जुलै २०१५ पासून नोव्हेंबर २०१९ पर्यंत पुण्यात वाकड आणि रावेत येथील गृहप्रकल्पांवर साइट इंजिनिअर म्हणून काम केले. डिसेंबर २०१९ मध्ये सॅन होजेला आले. पहिली अडीच वर्षे मला येथे काम करण्याची परवानगी नव्हती. सप्टेंबर २०२२ पासून एका परवानाधारक कंत्राटदाराकडे पगारी नोकरी करत आहे. आमचे काम मुख्यतः जुन्या घरांच्या नूतनीकरणाचे, म्हणजे स्वयंपाकघरे, न्हाणीघरे आणि अधूनमधून एखादी वाढीव खोली. पहिले वर्ष मी कार्यालयात बसून अंदाजपत्रके, मालाच्या ऑर्डरी आणि नगरपालिकेच्या परमिटांचे अर्ज पाहिले. ऑक्टोबर २०२३ पासून मात्र मी रोज साइटवर असते.

आता मला स्वतःचा परवाना घ्यायचा आहे. येथील परवाना मंडळ, म्हणजे सीएसएलबी, चार वर्षांचा अनुभव मागते हे मला ठाऊक आहे. माझी बेरीज सात वर्षांच्या वर जाते, तरीही एका सहकाऱ्याने सांगितले की त्यातली निम्मी वर्षेसुद्धा धरली जाणार नाहीत. हे खरे आहे का? पुण्याचा अनुभव चालतो का, पदवीचा काही उपयोग होतो का, अनुभवाच्या दाखल्यावर सही कोणाची लागते, आणि मी सर्वसाधारण इमारत बांधकामाचा ‘बी’ परवाना मागावा की निवासी नूतनीकरणाचा ‘बी-२’, हे कोणी समजावून सांगेल का?

ओळंबा

मी सॅक्रामेंटोमध्ये ‘बी’ परवान्यावर काम करतो आणि आजवर माझ्याकडच्या पाच कारागिरांच्या दाखल्यांवर सह्या केल्या आहेत, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

तुमच्या सहकाऱ्याचे म्हणणे बऱ्याच अंशी बरोबर आहे. बांधकामाच्या जवळपास असण्याला मंडळ अनुभव मानत नाही. ‘जर्नीमन’ किंवा त्यावरच्या पातळीवर काढलेला काळच ते धरते. या शब्दाला आपल्याकडे फार नेमका पर्याय आहे, तो म्हणजे मिस्त्री. बिगारी घमेले उचलतो, निरोप पोचवतो, पाहून पाहून शिकतो. मिस्त्रीला काम सोपवून तुम्ही दुसऱ्या साइटवर निघून गेलात, तरी संध्याकाळी भिंत ओळंब्यात उभी असते. देखरेखीशिवाय ते काम पूर्ण आणि बिनचूक करता येणे, हीच मंडळाची व्याख्या आहे. मिस्त्री म्हणून केलेले काम, मुकादम म्हणून केलेले काम, प्रत्यक्ष बांधकामावर देखरेख करणाऱ्या कर्मचाऱ्याचे काम, कंत्राटदार म्हणून केलेले काम आणि स्वतःच्या घराचे स्वतः केलेले बांधकाम, एवढेच मोजले जाते. बिगारीची आणि शिकाऊ उमेदवाराची वर्षे या चार वर्षांत येत नाहीत.

म्हणून तुमचे कार्यालयातले पहिले वर्ष बाजूला ठेवा. अंदाजपत्रक करता येणे हा धंद्यात मोठा गुण आहे, परवाना मिळाल्यावर तोच तुम्हाला तारेल, पण अनुभवाच्या दाखल्यात त्याला जागा नाही.

दुसरी अट काळाची आहे. अर्ज दाखल करण्याच्या दिवसापासून मागे मोजलेल्या दहा वर्षांतलाच अनुभव चालतो. तुम्ही फेब्रुवारी २०२६ मध्ये अर्ज केलात तर फेब्रुवारी २०१६ च्या आधीचे पुण्यातले महिने गेले, आणि अर्ज जितके महिने लांबवाल तितके आणखी महिने मागच्या टोकाकडून गळत जातील. अनुभव कॅलिफोर्नियातलाच हवा असे बंधन नाही. मात्र तो पडताळता आला पाहिजे, आणि परदेशातल्या अनुभवाची खरी अडचण तेथेच येते.

आता पदवीबद्दल. चार वर्षांपैकी जास्तीत जास्त तीन वर्षांची भरपाई शिक्षणातून होऊ शकते. मान्यताप्राप्त शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्याला, किंवा वास्तुशास्त्र, बांधकाम तंत्रज्ञान अथवा त्या परवान्याशी थेट संबंधित अभियांत्रिकी शाखेची चार वर्षांची पदवी असलेल्याला तीन वर्षांपर्यंत सूट मिळते. वाणिज्य, अर्थशास्त्र, गणित किंवा भौतिकशास्त्राच्या पदवीला दोन वर्षांपर्यंत, तर बांधकाम व्यवस्थापनातल्या दोन वर्षांच्या असोसिएट पदवीला दीड वर्षापर्यंत. तुमची पदवी पहिल्या गटात बसण्यासारखी आहे. पण ‘पर्यंत’ हा शब्द विसरू नका, कारण किती सूट द्यायची ते मंडळ ठरवते, आणि भारतातल्या गुणपत्रिकांचे येथील संस्थेकडून मूल्यांकन करून घ्यावे लागते. शिवाय पदव्या कितीही असल्या तरी किमान एक वर्षाचा प्रत्यक्ष अनुभव लागतोच. ही तरतूद मला अगदी योग्य वाटते.

दाखल्यावर सही करणाऱ्याने तुमचे काम स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असावे लागते. तो तुमचा मालक, मुकादम, सोबतचा मिस्त्री, कामगार संघटनेचा प्रतिनिधी, नगरपालिकेचा इमारत निरीक्षक, वास्तुविशारद किंवा अभियंता असू शकतो. ही सही खोट्या साक्षीच्या शिक्षेची जाणीव ठेवून केलेली मानली जाते, त्यामुळे तिच्याकडे उपचार म्हणून पाहू नये. कायद्यानुसार किमान ३ टक्के अर्जांची मंडळाला सखोल चौकशी करावी लागते. त्या वेळी पगाराच्या पावत्या, डब्ल्यू-२ (मालकाने दिलेला वर्षभराच्या पगाराचा आणि कराचा कागद), परमिटे, करार आणि बिले मागितली जातात.

रंधा

ओळंबा यांनी अनुभवाची पातळी सांगितली आहे, मी अनुभवाच्या प्रकाराबद्दल लिहितो, कारण आपल्याकडून आलेले अभियंते नेमके तेथे अडतात.

आमचे घराणे राजापूर तालुक्यातले सुताराचे. मी गेली अकरा वर्षे येथे फ्रेमिंगची, म्हणजे घराचा लाकडी सांगाडा उभारण्याची कामे करतो. कॅलिफोर्नियातले साधे घर लाकडाचे असते. काँक्रीटचा पाया, त्यावर बोल्टांनी जखडलेली लाकडी पट्टी, तिच्यावर सोळा-सोळा इंचांवर उभे केलेले स्टड, म्हणजे लाकडी खांब, बाहेरून प्लायवुडचे तक्ते आणि आतून ड्रायवॉल, म्हणजे जिप्समचे तक्ते, असा तो सांगाडा असतो. भूकंपात घर आडवे हलते तेव्हा कोणती भिंत तो हिसका झेलणार, त्या भिंतीच्या कोपऱ्यांत कोणते लोखंडी बंध बसवायचे आणि प्लायवुडला खिळे किती अंतरावर मारायचे, यावर सारे अवलंबून असते. खिळ्यांमधले अंतर नकाशात लिहिलेले असते, आणि निरीक्षक ते पट्टी लावून मोजतो.

‘बी’ परवान्यासाठी मंडळ फ्रेमिंगचा किंवा ढोबळ (रफ) सुतारकामाचा अनुभव मागते, आणि त्याशिवाय एकमेकांशी संबंध नसलेल्या आणखी किमान दोन कामांचा. कृष्णाकाठ यांनी पुण्यात जे केले ते आरसीसीचे काम. सेंटरिंग, सळई बांधणे, स्लॅब, विटकाम, गिलावा. त्या कामाचा मला मनापासून आदर आहे, पण बारा मजल्यांच्या सांगाड्याचे स्लॅब ओतून घेतलेल्या माणसाने लाकडी घराच्या भिंतीतून तुळई कशी काढावी हे केलेले नसते. त्यामुळे पुण्याची वर्षे पडताळता आली, तरी ‘तुम्ही फ्रेमिंग कोठे केले’ हा प्रश्न शिल्लक राहीलच.

माझ्या हाताखाली मुंबईहून आलेले एक अभियंता होते. त्यांचे गणित माझ्यापेक्षा दसपट चांगले होते. पहिल्या महिन्यात त्यांनी खिडकीच्या वरची आडवी तुळई मापाप्रमाणे अचूक कापली, पण तिच्या दोन्ही टोकांखाली टेकूचे स्टड द्यायला विसरले, कारण काँक्रीटमध्ये लिंटेल भिंतीतच बसते आणि तेथे हा प्रश्नच येत नाही. सहा महिन्यांनी ते आमच्यातले सर्वांत काटेकोर फ्रेमर झाले. हे शिकता येते, मात्र हातात हातोडा धरूनच शिकावे लागते.

कृष्णाकाठ

रंधा, तुमचे म्हणणे मला पटले आणि थोडे लागलेही, कारण ते खरे आहे. आमच्याकडे वाढीव खोल्यांची कामे वर्षाला दोन-तीनच होतात आणि त्यांचे फ्रेमिंग बाहेरची तुकडी करते. मी ते उभे राहून पाहिले आहे, स्वतः केलेले नाही. मग मी ‘बी-२’ मागणे योग्य होईल का?

ओळंबा

‘बी-२’ हा वर्ग २०२१ पासून आहे, आणि तुमच्यासारख्या, म्हणजे सांगाड्याला हात न लावता घराचे अंतरंग बदलणाऱ्या लोकांसाठीच तो काढलेला आहे. अनुभव त्यालाही चार वर्षांचाच लागतो, पण फ्रेमिंगची सक्ती नाही. टाइल, ड्रायवॉल, फर्निचरचे सुतारकाम, रंगकाम अशा निरनिराळ्या कामांत तुम्ही मिस्त्रीच्या पातळीवर होता हे दाखवावे लागते.

मर्यादा मात्र नीट वाचून घ्या. एका करारात एकमेकांशी संबंध नसलेली किमान तीन कामे असावी लागतात, म्हणून कोणी फक्त टाइल बदलायला बोलावले तर ‘बी-२’ वर ते काम घेता येत नाही. भार पेलणाऱ्या भिंतीला हात लावता येत नाही. वीज, नळ किंवा गरम-गार हवेच्या व्यवस्थेत किरकोळ फेरफार चालतो, नवी व्यवस्था बसवणे किंवा जुनी मुळापासून बदलणे चालत नाही. सॅन होजेच्या परिसरातली १९५०-६० च्या दशकांतली घरे तुम्ही पाहिलीच असतील. तेथे जवळजवळ प्रत्येक घरमालकाला स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामधली भिंत काढायची असते, आणि ती भिंत बहुधा भार पेलणारी निघते. ‘बी-२’ घेतल्यावर ते काम तुम्हाला नाकारावे लागेल.

माझे मत विचाराल तर वर्षभराचा धीर असेल तर ‘बी’ च्या वाटेला लागा. लगेच कामाला लागायचे असेल तर ‘बी-२’ घ्या आणि फ्रेमिंगचा अनुभव मिळवत राहा.

मुक्काम_फ्रीमाँट

मी व्यवसायाने संगणक क्षेत्रात आहे, पण दोन वर्षांपूर्वी आमच्या परसात आईवडिलांसाठी स्वतंत्र लहान घर, ज्याला येथे एडीयू म्हणतात, ते बांधले. परमिट माझ्याच नावावर, घरमालक-बांधकामकर्ता म्हणून घेतले होते. पायापासून अंतिम निरीक्षणापर्यंत १४ महिने लागले. हे १४ महिने माझ्या अनुभवात धरले जातील का? आता मला या कामाची गोडी लागली आहे आणि पुढे हाच व्यवसाय करावा असे वाटते.

ओळंबा

स्वतःच्या घराचे बांधकाम धरले जाते, पण परमिट निघाल्याची आणि बंद झाल्याची तारीख पाहून कोणी १४ महिने देत नाही. स्वतःचे काम केलेल्यांसाठी मंडळाचा वेगळा अर्ज आहे. त्यात कोणते काम तुम्ही स्वतः केले आणि त्याला किती वेळ दिला, हे प्रकल्पानुसार मांडावे लागते. काँक्रीट बाहेरच्या कंत्राटदाराने ओतले असेल, वीज दुसऱ्याने आणि नळ तिसऱ्याने केले असतील, तर ते तास त्यांचे. तुम्ही नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी काम केले असेल तर पूर्ण वेळेच्या हिशेबात १४ महिन्यांचे पाच-सहा महिने उरतात.

तरीही निराश होऊ नका. परमिटाची प्रत, प्रत्येक टप्प्याच्या निरीक्षणाची नोंद असलेले कार्ड, लाकूड-सामानाची बिले आणि तारखा असलेली छायाचित्रे जपून ठेवा. निरीक्षकाने तुम्हाला काम करताना पाहिले असेल तर त्यांची साक्ष फार वजनदार असते.

टॅम्पा_मुक्कामी

विषय कॅलिफोर्नियाचा आहे, पण धागा वाचणारे इतर राज्यांतलेही असतील म्हणून थोडक्यात लिहितो. आमच्या फ्लोरिडात निवासी कंत्राटदाराचा स्वतंत्र वर्ग आहे. एक, दोन किंवा तीन कुटुंबांची घरे, आणि तीही एका न राहण्याजोग्या मजल्यावर दोन राहते मजले एवढ्या उंचीपर्यंतच, त्यात येतात. अनुभव येथेही चार वर्षांचा लागतो, त्यातले किमान एक वर्ष मुकादम म्हणून, आणि महाविद्यालयीन शिक्षणातून तीन वर्षांपर्यंत भरपाई होते. त्याशिवाय पत-गुणांक ६६० पेक्षा कमी असेल तर वेगळी हमी द्यावी लागते. दुसऱ्या राज्याची तऱ्हा अगदी निराळी असू शकते. टेक्सासमध्ये प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन यांना राज्याचा परवाना लागतो, पण संपूर्ण घर बांधणाऱ्या सर्वसाधारण कंत्राटदाराला राज्यपातळीवर परवानाच नाही. एका राज्यातल्या नातेवाइकाचा सल्ला दुसऱ्या राज्यात जसाच्या तसा लावू नये, एवढेच सांगायचे आहे.

सॅनरमणकर

कृष्णाकाठ यांनी इतका त्रास का घ्यावा? माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी निवृत्त कंत्राटदाराला महिन्याला ठरावीक रक्कम देऊन त्यांच्या परवान्यावर आपली कंपनी चालवली. निवृत्त माणसाला पैसे मिळाले, यांना काम मिळाले, आणि घरमालकांचीही काही तक्रार नव्हती.

ओळंबा

सॅनरमणकर, तुम्ही चांगल्या हेतूने लिहिले आहे हे मी जाणतो, पण हा सल्ला नव्या माणसाला घातक आहे, म्हणून स्पष्ट लिहितो.

कंपनीच्या परवान्याला ज्याचा अनुभव आणि परीक्षा आधार म्हणून लावलेली असते, त्याने त्या कंपनीच्या बांधकामावर प्रत्यक्ष देखरेख आणि नियंत्रण ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. तो नोकर म्हणून लावलेला असेल तर आठवड्याला किमान ३२ तास किंवा कंपनीच्या एकूण कामाच्या वेळेच्या ८० टक्के, यांतला जो काळ कमी असेल तितका वेळ तो कामावर असावा लागतो. घरी बसून महिन्याचा धनादेश घेणारा निवृत्त माणूस या अटीत बसत नाही. तो पकडला गेला तर गुन्हा त्याच्यावर, आणि परवाना गेला तर कंपनीचा.

त्याहून मोठी गोष्ट पैशांची आहे. परवाना नसताना केलेल्या कामाचे पैसे कॅलिफोर्नियातल्या न्यायालयात मागता येत नाहीत. उलट, घरमालक दिलेली सगळी रक्कम परत मागू शकतो, काम कितीही सुबक झालेले असले तरी. परवान्याशिवाय करता येते ते फक्त किरकोळ काम. त्याची मर्यादा पूर्वी ५०० डॉलर होती, ती १ जानेवारी २०२५ पासून १,००० डॉलर झाली. त्यात मजुरी आणि माल दोन्ही आले, आणि कामाला परमिट लागत असेल किंवा हाताखाली माणूस ठेवला असेल तर तीही सवलत नाही. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या परिसरात आगी लागल्या, तशा जाहीर आपत्तीच्या क्षेत्रात विनापरवाना कंत्राट घेणे तर थेट गंभीर गुन्ह्यात जाते.

दक्षिणद्वार

यालाच लागून मी माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मित्राने त्याच्या अनुभवाच्या दाखल्यावर माझी सही मागितली. तो चांगला टाइल मिस्त्री होता आणि मी त्याच्यासोबत दीड वर्ष काम केले होते. त्याने दाखल्यात चार वर्षे लिहिली. उरलेल्या अडीच वर्षांबद्दल तो खोटे बोलत नसावा असा विश्वास ठेवून मी सही केली. चौकशीसाठी मला फोन आला, आणि ‘२०१६ साली तुम्ही दोघे कोणत्या घरावर काम करत होता’ असा साधा प्रश्न विचारला गेला. माझ्याकडे उत्तर नव्हते. मित्राला अर्ज मागे घ्यावा लागला.

त्याची अडीच वर्षे खरी होती, हे मला आजही वाटते. ती ज्याने पाहिली होती त्याच्याकडून सही घेणे शक्य होते, फक्त त्या माणसाला शोधून काढायला दोन महिने लागले असते. नंतर त्याने तेच केले आणि परवाना मिळवला. मात्र त्या काळात मी स्वतः परवानाधारक असतो तर खोट्या दाखल्यावरच्या सहीमुळे माझाही परवाना धोक्यात आला असता. दाखल्यात एकाच माणसाकडून चारही वर्षे भागवण्याचा आग्रह धरू नका. तीन माणसांनी आपापल्या माहितीचे तीन तुकडे द्यावेत.

मिरजेचा_अभियंता

मी मिरजेत असतो आणि परदेशी जाणाऱ्या मुलांना अनुभवाची पत्रे देण्याची वेळ माझ्यावर अनेकदा येते, म्हणून इकडची बाजू मांडतो.

महाराष्ट्रात खासगी बंगला बांधणाऱ्या ठेकेदाराला असा अनुभव सिद्ध करून घ्यावा लागणारा राज्याचा परवाना नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाकडे ठेकेदारांची वर्गवार नोंदणी होते, पण ती सरकारी कामांसाठी. खासगी घराच्या बाबतीत नगरपालिकेपुढे जबाबदारी घेतात ते वास्तुविशारद, संरचना अभियंता आणि पर्यवेक्षक. ज्याच्या हातून घर उभे राहते तो ठेकेदार बिगारी, मिस्त्री, मुकादम अशा पायऱ्या चढून आलेला असतो आणि त्याचे प्रमाणपत्र म्हणजे गावातली चार घरे. त्यातले अनेकजण अस्सल जाणकार असतात, पण त्यांचा अनुभव कोठेच कागदावर नसतो. माझ्या वडिलांकडे काम करणारे गवंडी पायाच्या खड्ड्यातली माती चोळून काळ्या मातीचा थर किती खोल असेल ते सांगत. त्यांच्या नावाचा कागद शोधायला गेलात तर मस्टरवरच्या अंगठ्याखेरीज काही मिळणार नाही.

त्यामुळे कृष्णाकाठ यांना माझी सूचना अशी आहे. जुन्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडून मिळणारे ‘यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले’ हे पत्र उपयोगाचे नाही. त्या प्रकल्पावर तुमच्यासोबत रोज उभा असलेला वरिष्ठ अभियंता शोधा, आणि कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, कोणत्या इमारतीवर, कोणकोणती कामे तुमच्या देखरेखीखाली झाली, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. भविष्यनिर्वाह निधीचा उतारा आणि फॉर्म १६ सोबत ठेवा, म्हणजे नोकरीच्या तारखांना आधार मिळेल. त्या अभियंत्यांचा फोन आणि ई-मेल चालू आहे ना, हेही पाहा.

रंधा

मिरजेच्या मित्रांनी लिहिलेले वाचून एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. येथे परवान्याचा कायदा १९२९ पासून आहे, तरी दुर्घटना होतातच. जून २०१५ मध्ये बर्कलीत एका इमारतीची बाल्कनी कोसळून ६ तरुण गेले. वरून सर्व ठीक दिसत होते, पण आत पाणी मुरून लाकडी तुळया कुजल्या होत्या. त्यानंतर राज्याने अशा बाल्कन्यांच्या ठरावीक काळाने तपासणीचे कायदे केले. आमच्या धंद्यातला प्रत्येक जाणता माणूस ती घटना विसरलेला नाही, कारण पाणी कोठून शिरते आणि कोठे थांबते हे पुस्तकात वाचून हातात उतरत नाही. आधीच्या कोणाच्या चुकीने कुजलेली फळी उपसून काढताना ते कळते. चार वर्षांची अट मला म्हणूनच जाचक वाटत नाही. मी तर म्हणेन की त्या चार वर्षांत दोन पावसाळे तरी जुनी घरे उघडून पाहिलेली असावीत.

वाटसरू

माझा प्रश्न लहान आहे. मी एका कंत्राटदाराकडे तीन वर्षे काम करतो, पण ते मला पगारावर न ठेवता वर्षअखेरीस १०९९, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणाऱ्याला देतात तो कराचा कागद, देतात. हा काळ धरतात का?

ओळंबा

वाटसरू, तुमचा प्रश्न लहान नाही. १०९९ वर काम करणारा माणूस कागदोपत्री स्वतंत्र कंत्राटदार ठरतो, आणि परवाना नसलेल्याने येथे स्वतंत्र कंत्राटदार म्हणून बांधकाम करणे बेकायदा आहे. कामगार कायदा अशा माणसाला त्या कंत्राटदाराचा कर्मचारीच मानतो, म्हणजे विमा आणि कर यांची जबाबदारी त्यांच्यावर होती आणि त्यांनी ती टाळली आहे. अनुभव दाखवायला गेलात की हाच कागद पहिला समोर येईल. आजच त्यांच्याशी बोला आणि पुढचा काळ तरी पगारपत्रकावर घ्या. ते नकार देत असतील तर दुसरे काम शोधा. फ्रेमर आणि टाइल मिस्त्री यांना या भागात कामाची वाण नाही.

जाता जाता, कृष्णाकाठ, बाकीचा खर्चही लिहून ठेवतो. अर्जाचे शुल्क ४५० डॉलर आणि एकट्याच्या नावावर परवाना असल्यास पहिल्या दोन वर्षांचे २०० डॉलर. परीक्षा दोन: एक कायदा व व्यवसाय यांची आणि दुसरी तुमच्या वर्गाची. बोटांचे ठसे द्यावे लागतात. हमीपत्र १ जानेवारी २०२३ पासून २५,००० डॉलरचे लागते. ती रक्कम भरायची नसते, तुमच्या पतीनुसार, म्हणजे आर्थिक पतीनुसार, वार्षिक हप्ता भरायचा असतो. आणि परवाना मिळणे ही एक गोष्ट, देशात काम करण्याची परवानगी असणे ही दुसरी. मंडळ आयटीआयएन, म्हणजे सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेल्यांना मिळणाऱ्या करदात्याच्या क्रमांकावरही अर्ज घेते, पण त्यामुळे व्हिसाचे नियम बदलत नाहीत.

कृष्णाकाठ

सर्वांची मी मनापासून आभारी आहे. गेल्या दोन आठवड्यांत मी जे केले ते येथे लिहिते, म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

मी माझ्या मालकांसमोर दाखल्याचा कोरा अर्ज ठेवला आणि किती महिन्यांवर सही करू शकाल असे विचारले. मी ऑक्टोबर २०२३ पासूनचा सगळा काळ धरला होता. त्यांनी साइटच्या नोंदवह्या काढल्या, शांतपणे पाने उलटली आणि फेब्रुवारी २०२४ ही तारीख घातली. त्याआधी मी त्यांच्या मुकादमाच्या मागे फिरून शिकत होते, आणि पहिले न्हाणीघर मला एकटीवर सोपवले ते त्या महिन्यात. मला चार महिने कमी मिळाले, पण तारीख खरी आहे, आणि कोणी फोन करून विचारले तर त्या न्हाणीघराचा पत्ता आम्हा दोघांनाही पाठ आहे.

पुण्याचे माझे त्या वेळचे वरिष्ठ अभियंता आता नाशिकला असतात. त्यांनी लगेच होकार दिला आणि इमारतीनिहाय तपशील लिहून पाठवला. तो मी अर्जाला जोडेन, पण त्याच्यावर विसंबणार नाही. गुणपत्रिका मूल्यांकनासाठी दिल्या आहेत.

मी ‘बी’ च्या वाटेने जायचे ठरवले आहे. मालकांनी कँपबेलमधल्या एका वाढीव खोलीचे काम घेतले आहे, आणि तेथे बाहेरची फ्रेमिंगची तुकडी येईल तिच्यासोबत मला पूर्ण वेळ द्यायला ते तयार आहेत. तुकडीच्या मुकादमाने विचारले की पहिले काही महिने तक्ते वाहून नेण्याची आणि खिळे मारण्याची तयारी आहे का. मी हो म्हटले. ते महिने मोजले जाणार नाहीत, हे मला आता ठाऊक आहे. सोमवारी सकाळी सात वाजता हजर व्हायचे आहे. रंधा, हातोडा किती वजनाचा घ्यावा?

रंधा

बावीस औंसाचा घ्या, लाकडी दांड्याचा. पहिल्या आठवड्यात मनगट दुखेल, तेव्हा दांडा शेवटाला धरा आणि वजन हातोड्यालाच टाकू द्या.